आमची वाटचाल : डिंक न लावलेले नग

आम्ही खाणीतल्या खनिजांचे स्फटिक, म्हणजे नग, संग्राहकांना विकतो; आमच्या धंद्याला नातेवाईक आजही ‘दगड विकतात’ म्हणतात. म्हणोत बापडे. याच दगडांवर मुलांची शिक्षणं झाली आणि केसनंद रस्त्याला स्वतःची शेड उभी राहिली.

वडिलांचा ट्रक पुण्याजवळच्या वाघोलीच्या खडी क्रशरला लागलेला होता. गार, म्हणजे स्फटिक, लागलेला दगड पोकळ असतो, तो खडीला चालत नाही. त्यामुळे पॉकेट, म्हणजे अशी पोकळी, लागलं की मुकादम शिव्या देत तो माल बाजूला फेकायचा. आमचं भांडवल म्हणजे तो ढीग. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटची बातमी बाहेर गेली. त्याआधी हे खनिज अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्येच काय ते माहीत होतं, तेही बारीक. आपल्याकडे मात्र स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर गडद निळे गुच्छ, नजर ठरत नाही असे. बघता बघता व्यापाऱ्यांच्या गाड्या थेट खाणीवर यायला लागल्या.

माझे पहिले भागीदार अण्णा. वडार समाजातले, सुरुंगाची भोकं मारण्यात हयात गेलेली. आमच्यात कागद कधी झाला नाही. निम्मे तुमचे, निम्मे माझे, एवढंच. बार उडाला की सगळे ढिगाकडे धावायचे, अण्णा मात्र उभ्या कातळाकडे जायचे. दोन रतलाची हातोडी हलकेच टेकवत कान द्यायचे. आवाज भरीव आला की पुढे. बद्द आला की तिथे बसायचे, पण छिन्नी पोकळीवर कधी लावायचे नाहीत. चांगलं वीतभर अंतर सोडून चहूबाजूंनी चर मारायचा आणि अख्खा गोळा उचलायचा. पोकळी उघडली की मला बजावायचे, “बोट घालू नको पोरा, आधी फुंक.” त्यांची ती हातोडी आता माझ्या टेबलावर असते. दांडा दोनदा बदललाय, डोकं तेच आहे.

बाकी हत्यारं म्हणाल तर दंतवैद्याकडून मागून आणलेले जुने आकडे, दाढीचा मऊ ब्रश, हवा मारायला रबरी फुगा. पुढे हायड्रॉलिक ट्रिमर घेतला. त्याने बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, कसा चिरला जातो ते पाहिल्यावर छिन्नीने नग फोडणाऱ्यांची कीव येते. आजही काही लोक ग्राइंडरने कापतात आणि मागची बाजू फरशीसारखी सपाट करून ठेवतात. असा नग मी शेडमध्ये घेत नाही.

आता त्या गृहस्थांबद्दल. नाव लिहीत नाही, धंद्यातल्या जुन्या मंडळींना सांगायची गरजही नाही. आमच्याकडेच पॅकिंगला होता, मला दादा म्हणायचा. कॅव्हन्साइटचे गुच्छ बेसवरून, म्हणजे खालच्या दगडावरून, सहज निखळतात आणि खाणीत सुटे गुच्छ मूठमूठ मिळतात. सुट्याला किंमत नाही, बेसवरच्याला आहे. आमच्याकडून बाहेर पडल्यावर याने ते सुटे गुच्छ स्वच्छ स्टिल्बाइटवर चिकटवायला सुरुवात केली. खाली इपॉक्सी डिंकाचा थेंब, सांध्यावर स्टिल्बाइटची पूड भुरभुरायची. लांबून मीसुद्धा फसलो असतो, इतकं सफाईचं काम. हात चांगला होता त्याचा, ते कुणी शिकवलं हेही सांगायला नको. मी जाब विचारला तर म्हणतो, “दादा, गिऱ्हाईकाला निळं पाहिजे, मी निळं देतो. तुमचं काय जातं?”

आमचं काय गेलं ते सांगतो. परदेशातल्या एका घेणाऱ्याने नग धुतला आणि गुच्छ हातात आला. तिथून बोंब झाली. त्यांना वाघोलीतला हा कोण आणि तो कोण काय ठाऊक? भारतातून येणारा प्रत्येक निळा नग संशयित ठरला. आमची खोकी न उघडता परत आली, भाडं आमच्या माथी. एका व्यापाऱ्याने तर ठरलेले पैसे दाबून ठेवले ते कायमचेच. पतसंस्थेचे हप्ते थकले आणि वडिलांचा ट्रक विकावा लागला. त्याच मोसमात हे गृहस्थ नवी गाडी घेऊन खाणीवर आले आणि ड्रिलवाल्यांना महिन्याची उचल देऊन आमचा माल तोडू लागले. अण्णांनाही डबल देऊ केले. अण्णा म्हणाले, “मला चिकटवलेलं दिसतं रे.” बस, तेवढंच.

आम्हाला वाचवलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे जर्मनीतले निवृत्त रसायनशास्त्राचे शिक्षक. घरात आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो, त्यांनाही ते चालायचं. म्युनिकचं खनिजांचं प्रदर्शन ऑक्टोबरअखेर भरतं. तिथे उसन्या टेबलावर मी मोजका माल मांडला होता आणि लोक बघून पुढे जात होते. मास्तर आले, त्यातला सगळ्यात चांगला नग उचलला, म्हणाले, उद्या देतो. हॉटेलवर नेऊन त्यांनी तो रात्रभर डिंक मऊ करणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवला. सकाळी सर्वांदेखत भिंग लावलं, अतिनील दिवा मारला, गुच्छाच्या बुडाशी सुई फिरवली. गुच्छ हलला नाही की बुडाशी डिंकासारखं काही चमकलं नाही. मग शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना बोलावून दाखवलं. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं. स्वतः मास्तरांनी एकच नग घेतला, तोही घासाघीस करून!

पुढची वर्षं बरी गेली. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा अ‍ॅपोफिलाइट या खनिजाचा हिरवा गोलाकार माल निघाला तेव्हा तर धंदा जोरात होता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टक्सनचं खनिजांचं मुख्य प्रदर्शन रद्द झालं तेव्हा तेवढा चिमटा बसला.

नवे संग्राहक येतात, चुका करतात, म्हणून सांगतो. अ‍ॅपोफिलाइटवर कॅल्साइट बसलाय म्हणून नग अ‍ॅसिडात बुडवू नका; कॅल्साइट विरघळेल, पण अ‍ॅपोफिलाइटची काचेसारखी चमकही मरेल, आणि मेसोलाइट-नॅट्रोलाइटच्या सुयांचा तर चिकट लगदा होतो. ओकेनाइट कापसाच्या बोंडासारखा दिसतो म्हणून कुरवाळू नका. एकदा तंतू चिकटले की परत उभे राहत नाहीत. गुलाबी-निळा ओकेनाइट कुणी दाखवला तर तो रंगवलेला आहे, नमस्कार करा आणि निघा. पेंटागोनाइट म्हणून साधा कॅव्हन्साइट गळ्यात मारतात. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, रचना वेगळी. पेंटागोनाइटच्या पात्यांचे पंचकोनी तारे दहापट भिंगाखाली स्वतः बघा, मगच पैसे मोजा. घेण्याआधी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या, नजर तयार होते. आणि लेबल! खाण, गाव, तालुका, निघाल्याचं साल. मास्तरांनी आमच्याकडून प्रत्येक नगाखाली हे लिहून घेतलं. आता वाघोलीत खाणींच्या जागी इमारती आल्यात, तेव्हा त्या चिठ्ठीलाच निम्मी किंमत आहे.

ते गृहस्थ हल्ली शहरात ‘ऊर्जा देणारे’ स्फटिक विकतात, किलोवर. दुकान एसी आहे म्हणे. आमच्या शेडला पंखा आहे, भिंग आहे आणि अ‍ॅसिटोनची बाटली समोरच ठेवलेली असते. कुठल्याही नगाचा संशय आला तर झाकण उघडून ओता, विचारायची गरज नाही. किलोचा भाव मात्र विचारू नका.