तेराव्या प्रकरणात अडकलेला दिनू

कादंबरीची पहिली बारा प्रकरणं चार महिन्यांत झाली. तेराव्याला सव्वा वर्ष लागलं, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

कादंबरी महाडची, १९२७ ची. दिनू सोळा वर्षांचा, सवर्ण घरातला. २० मार्चला चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले आणि गावात अफवा उठली, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अस्पृश्यांच्या परिषदेच्या मंडपात घुसून अन्न मातीत कालवणाऱ्या जमावात दिनू आहे. नंतर तळं ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी पंचगव्य ओतलं गेलं, त्यातली एक त्याच्या खांद्यावर.

हा पोरगा बदलणार कसा?

हस्तलिखित एका प्रकाशनाकडे दिलं होतं. पाच महिन्यांनी उत्तर: मुलगा वाचकाला आवडत नाही, लवकर सुधारा. सुधारला. भाषण ऐकवून रडवला. मग त्याला बुडवला आणि एका दलित मुलाकडून बाहेर काढवला. ते पान वाचताना मलाच लाज वाटली. ज्याचं अन्न याने मातीत घातलं, त्यानेच याचा जीव वाचवायचा, तेव्हा कुठे हा माणूस होणार? फाडलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा चार महिने वाट, पुन्हा तोच शेरा.

असं पात्र लिहिणार असाल तर त्याच्या तोंडच्या शिव्या मात्र गाळू नका, त्या काळची भाषा तशीच राहू द्या.

वाट सापडली ती कोर्टाच्या हकिकतीत. तारखांचा तक्ता मी फार उशिरा केला. आधीच करून ठेवा. अस्पृश्यांनी तळ्यावर न येण्याची चाल अनादी काळापासूनची आहे, असं म्हणत सनातनी मंडळी डिसेंबरात दाव्याला गेली. ती चाल सिद्ध होत नाही, हा मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १९३७ मध्ये. दहा वर्षं! एवढा वेळ इतिहासानेच दिला असताना मी एका संध्याकाळीत त्याला सुधारत बसलो होतो.

आता वडील त्याच्याकडून साक्ष घोकून घेतात. ‘म्हण, अनादी काळापासून.’

दिनू बराच वेळ गप्प. मग म्हणतो, ‘अण्णा, मला आठवतंय ते म्हशी पाणी पितात एवढंच.’

अण्णा ताटावरून उठतात. दिनूचा हात भातातच राहतो, कारण मातीत कालवलेला भातही असाच गरम होता.

तो साक्षीला जात नाही. एवढंच प्रकरण, अडीच पानं. हस्तलिखित मी परत मागवून घेतलं आहे.