दहा गावांची नावे

जून २०२१ मधील ही घटना आहे. मुंबईतील एका मराठी दैनिकात मी तेव्हा वाचकांच्या पत्रांचे पान पाहत होतो. नवी मुंबईच्या विमानतळाला कोणाचे नाव द्यावे, या वादाने त्या महिन्यात आमचे अख्खे पान व्यापले होते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या संचालक मंडळाने एप्रिलमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला होता. प्रकल्पग्रस्तांची मागणी मात्र त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावाची होती आणि त्यासाठी १० जूनला मानवी साखळीही झाली होती. १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवणाऱ्या जे. आर. डी. टाटांचे नाव सुचवणारी पत्रे येत होती, तशीच हा मुंबई विमानतळाचाच विस्तार असल्याने शिवाजी महाराजांचेच नाव असावे असे सांगणारीही येत होती.

आमच्या पानावर एका पत्राला दीडशे शब्दांची मर्यादा असते. पनवेल तालुक्यातून आलेले एक पत्र त्याहून बरेच मोठे होते. फुलस्केप कागदावर निळ्या शाईने लिहिलेल्या त्या पत्राच्या शेवटी दहा गावांची नावे एकाखाली एक दिली होती. पान सोडायची वेळ जवळ आली होती. वाद दिबांच्या नावाचा आहे, गावांच्या यादीवाचून मुद्दा अडत नाही, असे ठरवून मी ती दहाही नावे काढली, त्या जागी ‘विमानतळबाधित गावे’ एवढे दोनच शब्द ठेवले आणि पत्र छापले.

तीन-चार दिवसांनी पत्रलेखक स्वतः कचेरीत आले. वय सत्तरीच्या पुढे, मुखपट्टीवर धुतलेला पांढरा रुमाल बांधलेला. लोकल सर्वसामान्य प्रवाशांना बंद होती, त्यामुळे ते पनवेलहून एसटीने दादरला उतरले होते आणि तिथून पावसात चालत आले होते. माझ्यासमोर बसून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आमच्या अंकाचे कात्रण काढले. माझ्या त्या दोन शब्दांभोवती त्यांनी बॉलपेनने गोल केला होता आणि कडेच्या कोऱ्या जागेत दहाही नावे बारीक अक्षरांत पुन्हा लिहिली होती.

ते रागावले नव्हते. दिबांच्या नावासाठी आपण का लिहितो, हे त्यांनी आधी सांगितले. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा मोबदल्यासाठी उभा राहिलेला हा माणूस. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मग त्यांनी जुना सातबारा उलगडला. वरच्या ओळीत ‘मौजे’ या शब्दापुढे त्यांच्या गावाचे नाव होते. शेजारी त्यांनी पुनर्वसनानंतरच्या पत्त्याचा कागद ठेवला. त्यावर सेक्टर होता, भूखंड क्रमांक होता, गाव नव्हते. “साहेब, विमानतळाला दिबांचं नाव सरकार आज ना उद्या देईल,” ते म्हणाले. “पण आमच्या गावांची नावं आता फक्त आम्हीच लिहितो. ती तुम्ही कशाला काढलीत?”

मला उत्तर सुचले नाही. शब्दमर्यादेचे कारण मी सांगितले आणि सांगत असतानाच ते किती अपुरे आहे हे मला जाणवले. माझ्या पिढीतील मुंबईकर आजही मुंबईच्या विमानतळाला सहार म्हणतो. १९९९ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला, तरी टॅक्सीवाल्याला सहार सांगितले की पुरते. आणि ते मुळात एका गावाचे नाव आहे. ते गाव जागेवर राहिले, म्हणून त्याचे नावही तोंडात राहिले. इथे तर उलवे टेकडी सपाट केली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले आणि माणसे दुसरीकडे हलवली गेली. ती नावे लिहून ठेवण्याची जागा म्हणजे माझ्या हातातले ते पत्र होते.

मी वरिष्ठांकडे गेलो. पत्र संपादित करणे हा आपला अधिकार आहे, त्याबद्दल आपण शुद्धिपत्रक देत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि नियमाने ते बरोबरच होते. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ते दहाही गावांच्या नावांची चौकट द्यायला तयार झाले. २४ जून हा दिबांचा स्मृतिदिन. त्याच दिवशी बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घालण्याचे जाहीर झाले होते. चौकट त्या दिवशीच्या अंकात घ्यायची ठरली.

मजकूर कंपोज करून मी मुद्रित (प्रूफ) पत्रलेखकांपुढे ठेवले. प्रत्येक नावाखाली बोट ठेवत ते मोठ्याने वाचू लागले: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली. तिथे बोट थांबले. पुढचे ‘वाघिवलीवाडा’ हे नाव आमच्या ऑपरेटरने दुबार आले असे समजून गाळले होते आणि माझ्याही ते लक्षात आले नव्हते. “ही दोन गावं आहेत,” ते म्हणाले. पुढे ओवळेच्या आधीचा ‘वरचे’ हा शब्दही त्यांनी घालून घेतला. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे ही नावे बरोबर होती. दुसरे मुद्रित काढले, तेही त्यांनी पहिल्यापासून वाचले आणि खाली सही केली. सहीची गरज नव्हती. मी त्यांना अडवले नाही.

पाऊस वाढला होता. सातबारा पुन्हा पिशवीत गुंडाळून ते एसटी गाठायला निघाले. अंक हाती पडेल ना, असे त्यांनी जिन्यात थांबून दोनदा विचारले, म्हणून २४ तारखेच्या पाच प्रती मी स्वतः टपालात टाकल्या. पाकिटावर सेक्टर आणि भूखंड क्रमांक लिहिला आणि त्याखाली गावाचे नावही.