स्टोअरहेड: आधी बाग, मग हवेली

गेल्या वसंतात आमच्या गटाने इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या स्टोअरहेडची एक दिवसाची सहल काढली. आधी हवेली पाहावी की बाग, यावरून बसमध्येच दोन तट पडले होते. अखेर बाग आधी पाहायचे ठरले आणि तेच योग्य झाले, असे माझे ठाम मत आहे.

लंडनमध्ये बँक चालवणाऱ्या होअर घराण्याने १७१७ मध्ये ही जहागीर विकत घेतली. हवेलीचा आराखडा कोलेन कॅम्बेल या वास्तुरचनाकाराचा. बाग मात्र पुढच्या पिढीतल्या दुसऱ्या हेन्री होअरने १७४० च्या दशकापासून घडवली. इथले तळे मुळात नव्हतेच. दरीत बांध घालून, स्टोअर नदीच्या उगमाजवळचे पाणी अडवून ते तयार केले आणि त्याच्या काठाने अशी पायवाट आखली, की पुढचे दृश्य आधी पाण्यापलीकडे दुरून दिसावे, मग झाडीआड जावे आणि अचानक समोर उभे राहावे. फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेच्या मंदिरापाशी थांबलो, तेव्हा रोममधल्या पँथिऑन या प्राचीन देवालयाच्या धर्तीवर बांधलेला घुमट समोरच्या काठावर दिसत होता. तिथवर पोहोचायला मात्र बरेच चालावे लागले.

वाटेतली कृत्रिम गुहा मला सर्वांत भावली. आत गारवा आणि अंधार. निद्रिस्त जलदेवीच्या मूर्तीखालून झऱ्याचे पाणी अखंड वाहत असते, आणि खडबडीत दगडांतल्या एका झरोक्यातून उन्हातले तळे एखाद्या चौकटीतल्या चित्रासारखे दिसते. बडबड करत आलेला आमचा सगळा गट इथे आपोआप शांत झाला.

हवेली त्या मानाने लवकर पाहून झाली. १९०२ च्या आगीत तिचा मधला भाग जळाला होता आणि तो पुन्हा बांधून काढला गेला. त्या काळचे मालक सर हेन्री होअर यांचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात गेला. १९४६ मध्ये त्यांनी ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. हे ठाऊक असले, की तिथली दालने निव्वळ श्रीमंतीचे प्रदर्शन वाटत नाहीत.

गटाने जाणाऱ्यांनी तळ्याच्या फेरीसाठी किमान दोन तास राखून ठेवावेत आणि फ्लोराच्या मंदिराकडूनच सुरुवात करावी, कारण अपोलोच्या मंदिराचा चढ मग शेवटाकडे येतो. तो उभा आहे. आमच्यातले काही ज्येष्ठ खाली तळ्याकाठीच थांबले. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी मात्र वर जावेच, कारण तोवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेली बाग तिथून एकसंध दिसते.