ऱ्हस्व उ आणि दीर्घ ऊ

ते सबटायटल 3 सेकंद 10 फ्रेमचे होते. दोन ओळी, प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त 42 अक्षरे आणि वाचणाऱ्याला दर सेकंदाला 17 अक्षरांपेक्षा अधिक वाचावी लागू नयेत, एवढ्या चौकटीत माझे रोजचे काम बसते. अकरा वर्षे मी चेन्नईत वडपळनीला राहून तमिळ चित्रपटांना मराठी सबटायटल्स देत आहे, आणि इतक्या वर्षांत एका ओळीने मला इतके दिवस अडकवून ठेवल्याचे मला आठवत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते की आम्ही तमिळ ऐकतो आणि मराठी लिहितो. प्रत्यक्षात आधी एक इंग्रजी साचा तयार होतो, कोणती ओळ कोणत्या फ्रेमला उमटणार आणि कोणत्या फ्रेमला पुसली जाणार हे त्यात ठरलेले असते आणि त्याच साच्यात हिंदी, मराठी, बंगाली अशा सगळ्या भाषा ओतल्या जातात. साच्यात एक चूक राहिली की ती सगळ्या भाषांत पोहोचते. मूळ तमिळ ऐकून काम करणारे आमच्यात फार थोडे आहेत, कारण त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. ज्या भाषेतून भाषांतर होत आहे ती भाषा न येणाऱ्यांकडून भाषांतर करून घेण्याची ही पद्धत मला आजही पटलेली नाही.

दृश्य साधे होते. पावसात रिक्षा चालली आहे, मागे नोकरी गेलेला एक तरुण बसला आहे आणि रिक्षावाला मान न वळवता तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथातील एक कुरळ, म्हणजे दोन ओळींचे पद्य, म्हणतो. तरुण एवढेच उत्तर देतो, की हे शाळेत पाठ केले होते. तमिळनाडूत हे दृश्य अजिबात ओढूनताणून आणलेले वाटत नाही. तिथल्या सरकारी बसमध्ये कुरळ लिहिलेला असतो, शाळेत मुले ते घोकतात आणि चित्रपटगीतांमध्येही ‘तत्तुवप् पाडल्’, म्हणजे तत्त्वज्ञानाची गाणी, हा लोकांनी मानलेला स्वतंत्र प्रकार आहे. कण्णदासन (1927–1981) यांची दैवगती सांगणारी गाणी आणि अवघ्या 29 व्या वर्षी, 1959 मध्ये गेलेले पट्टुक्कोट्टै कल्याणसुंदरम यांची श्रमाची थोरवी गाणारी गाणी चहाच्या टपरीवर एकापाठोपाठ एक लागतात. तमिळ चित्रपट म्हणजे हाणामारी असे समजणाऱ्या आपल्या प्रेक्षकांपर्यंत हा भाग पोहोचत नाही, आणि त्याचा दोष बऱ्याच अंशी आमच्यासारख्या भाषांतर करणाऱ्यांकडे जातो.

साच्यातील इंग्रजी ओळीचा आशय असा होता, की जे थकत नाहीत ते कष्टांचाही शेवट पाहतात. पहिल्या खर्ड्यात मी तसेच मराठी करून पुढे गेले. वाक्य कानाला बरे वाटत होते, अर्थ लागत होता आणि प्रसंगालाही शोभत होते. शेवटच्या तपासणीच्या रात्री मात्र मी ‘कष्टांचाही’ मधल्या ‘ही’पाशी थांबले. कष्टांचा शेवट होतो यात नवल काय, की त्याला ‘ही’ जोडावे? हा ‘ही’ तमिळमधील ‘उम्’ या प्रत्ययातून आला होता आणि तो रिक्षावाल्याच्या तोंडी स्पष्ट ऐकू येत होता. ज्याला हरवणे अशक्य मानले जाते, अशा कशाला तरी तो जोडलेला असणार हे उघड होते.

मी कामाच्या फोल्डरमधील संहितेच्या जुन्या प्रती उघडल्या. छापील संहिता स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतलेली होती. तिच्या पहिल्या प्रतीत तो शब्द ‘उळऴैयुम्’ असा होता, आणि असा शब्द तमिळमध्ये नाही. (ऴ हे अक्षर देवनागरीत तमिळच्या त्या खास उच्चारासाठी ठेवलेले आहे, ‘तमिळ’ या नावाच्या शेवटी तोच उच्चार आहे.) दुसऱ्या प्रतीत कोणीतरी मधला ळ काढून ‘उऴैयुम्’ केले होते. तमिळमध्ये ‘उऴै’ म्हणजे राबणे आणि ‘उऴैप्पु’ म्हणजे कष्ट. इंग्रजी करणाऱ्याने सुधारलेली प्रत घेतली आणि तिथून कष्ट आले.

तो ळ आला कुठून, हे ज्याने तमिळ लिपी गिरवली आहे त्याला लगेच कळेल. तमिळमधील दीर्घ ऊ हे अक्षर दिसायला ऱ्हस्व उ आणि त्याच्या खांद्याला टेकलेला छोटा ळ असेच असते. यंत्राने एका अक्षराची दोन अक्षरे वाचली होती. मूळ शब्द ‘ऊऴैयुम्’ होता. ‘ऊऴ्’ म्हणजे मागच्या कर्मांचे पिकून आलेले फळ, ज्याला आपण ढोबळमानाने नशीब म्हणतो. एका मात्रेने नशिबाचे कष्ट झाले होते, आणि तेही ज्या कुरळचा सगळा विषयच कष्टांनी नशिबाला हरवणे हा आहे, त्यात.

खात्री करायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि त्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. 1998 च्या पोंगलला स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या प्रोजेक्ट मदुरै या उपक्रमात पहिल्या क्रमांकाची संहिता तिरुक्कुरळची आहे. तेव्हा युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता, वाचणाऱ्याला वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, तरी जगभर विखुरलेल्या माणसांनी प्राचीन तमिळ ग्रंथ टंकित केले, तपासले आणि नंतर ते युनिकोडमध्ये नेले. शिवाय परिमेलऴगर या टीकाकाराने लावलेला क्रम सर्वत्र रूढ असल्यामुळे 1330 कुरळांपैकी कोणताही नुसत्या आकड्याने सापडतो. तुकोबांचा अभंग एका गाथेत एका क्रमांकावर आणि दुसरीत दुसऱ्यावर शोधताना ज्याची दमछाक झाली आहे, त्याला या सोयीचे मोल कळेल. माझा कुरळ होता 620: ‘ऊऴैयुम् उप्पक्कम् काण्बर्’, न डगमगता, न थांबता झटणारे नशिबाचीही पाठ पाहतात.

रात्री अकराला मी आमच्या तमिळ पुनरीक्षकांना फोन केला. ते निवृत्त तमिळ शिक्षक असून आम्ही सगळे त्यांना अय्या म्हणतो. ते चिडले नाहीत, पण दुखावले गेले. “अम्मा, 620 कोणी चुकवतं का?” एवढेच म्हणाले आणि मग अर्धा तास बोलत राहिले. ग्रंथाचा पहिला भाग 38 व्या अधिकारावर, म्हणजे प्रकरणावर, संपतो, त्या अधिकाराचे नावच ‘ऊऴ्’ आहे आणि त्यातील शेवटचा, म्हणजे 380 वा कुरळ विचारतो, की नशिबाहून बलवान काय आहे, दुसरा कोणताही उपाय योजला तरी ते त्याच्या आधी येऊन उभे राहते. तेच ग्रंथकर्ते वळ्ळुवर 240 कुरळांनंतर नशिबाला पाठ दाखवायला लावतात. मी विचारले, की मग खरे कोणते. अय्या म्हणाले, की 620 ज्या प्रकरणांत येतो ती राजाला उद्देशून आहेत. राज्य चालवणाऱ्याने नशिबाचे निमित्त सांगायचे नाही, असे त्याला बजावलेले आहे. फोन ठेवल्यावर मी ते दृश्य पुन्हा पाहिले. राजाला सांगितलेली गोष्ट एक रिक्षावाला बेकार मुलाला सांगत होता, आणि त्या दोघांनाही ती आपल्यासाठीच आहे याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

आता प्रश्न मराठी शब्दाचा होता. ‘दैव’ घेता येत नव्हते, कारण लगेच आधीच्या 619 मध्ये वळ्ळुवरांनी ‘दैवम्’ हा शब्द देव या अर्थाने वापरला आहे: देवाकडूनही होत नसले तरी प्रयत्न अंग मोडल्याची मजुरी देतो. तिथे मजुरीला ‘कूलि’ हा शब्द आहे, वेतन या जुन्या अर्थाने. ‘नशीब’ रिक्षावाल्याच्या तोंडी शोभले असते, पण नशिबात आपल्या कर्माचा वाटा असतोच असे नाही, आणि ‘ऊऴ्’ मध्ये तो असतोच. शिलप्पदिकारम् या महाकाव्याच्या आरंभीच म्हटले आहे, की जुने कर्म पुढे येऊन आपले फळ भोगायला लावते. याच्या सर्वांत जवळचा शब्द संतांनी आपल्याला देऊन ठेवला आहे. मी लिहिले: ‘न डगमगता, न थांबता झटणाऱ्यांना / प्रारब्धही पाठ दाखवते.’ तमिळमध्ये पाठ पाहणे आणि मराठीत पाठ दाखवणे, दोन्हीकडे रणांगणच आहे. अनेक वर्षांनी एखादी ओळ इतकी नीट बसली होती.

मराठी फाइल पहाटे गेली. साचा दुरुस्त करण्याची माझी विनंती मात्र मान्य झाली नाही. साचा बंद झाला आहे आणि ओळीच्या अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही, असे मला कळवण्यात आले. इतर भाषांतील प्रेक्षक त्या रिक्षावाल्याच्या तोंडून कष्टांचा शेवट ऐकणार आहेत. नशिबाशी झुंजायला सांगणारे वाक्य ‘राबाल तर सुटाल’ असे सांत्वन होऊन जाते, आणि याला फारसा फरक नाही असे म्हणणाऱ्याशी कसे बोलावे हे मला अजून कळलेले नाही.

तेवढ्यावर मी हे लिहायला बसले नसते. त्यानंतर दोन दिवसांनी मी तो संवाद आवाज तपासण्याच्या प्रणालीत उघडला आणि स्वर मोजले. त्या नटाच्या ‘काण्बर्’ मधला दीर्घ आ 140 मिलिसेकंद आहे, ‘उप्पक्कम्’ मधला ऱ्हस्व उ 70, आणि ज्यावरून हे सगळे झाले तो पहिला स्वर 95. अय्यांनी तो तुकडा चार वेळा ऐकला आणि चारही वेळा ऊ ऐकू आल्याचे सांगितले. त्यांना तो कुरळ पाठ आहे. आमच्या विभागातील तरुण तमिळ ध्वनिमुद्रकाला उ ऐकू आला. डबिंगच्या वेळी नटाच्या हातातील कागद पहिल्या प्रतीवरून छापला होता की सुधारलेल्या, एवढेच मी स्टुडिओला विचारले आहे. उत्तर आलेले नाही.