राखून ठेवलेली बट्टी

रविवार, रात्र

कापूस वेचणीचे दिवस. आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण म्हटला की उपासनेनंतर प्रीतिभोजन आलंच. पंगत एकला बसते. पण रावेर-यावलकडे केळीची गाडी भरायला गेलेला माणूस रविवार बघून मोकळा होत नाही, गाडी भरली की त्याची सुटका. तो अडीचला येतो. तोवर भाजीचा नुसता रस्सा राहिलेला, बट्टी कडक झालेली, वाढपी पातेली घासायला बसलेले. कोणाच्या मनात वाईट नसतं. उरेल ते ठेवू असं सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि उरत काही नाही.

बायबलमधला प्रेषित पौल करिंथच्या मंडळीवर रागावला तो याच गोष्टीवरून. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११वा अध्याय: एक उपाशी, दुसरा पिऊन मस्त. उपाय त्यानं ३३व्या वचनात दिलाय, एकमेकांची वाट पाहा. आपण प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतो तेव्हा) बहुतेक वेळा २३व्या वचनापासून वाचायला घेतो, त्यामुळे आधीचा जेवणाचा तंटा कानावरच येत नाही. सोयीचंच आहे म्हणा.

वाट पाहायची म्हणजे शंभर माणसं ताटावर ताटकळत ठेवायची असं नव्हे. शंभरांना जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ साधारण १२ किलो, तूरडाळ ६ किलो. मागून येणारे २० धरले तर पाचवा हिस्सा पहिल्या पंगतीच्या आधी निघाला पाहिजे. खरी मेख बट्टीत आहे. ओवा, हळद, मीठ, मोहन घालून पीठ घट्ट मळायचं, वळकट्या उकडायच्या, पूर्ण गार झाल्यावर कापायच्या (गरम कापल्या तर सुरीला चिकटून मोडतात) आणि मग तळायच्या. तळलेली बट्टी तासाभरात चिवट होते. म्हणून उशिरा येणाऱ्यांच्या वळकट्या उकडून तशाच ओल्या फडक्यात ठेवायच्या, कढईतलं तेल काढायचं नाही, माणूस दारात दिसला की घाणा टाकायचा. वरण थांबलं की घट्ट होतं. त्यात गार पाणी ओतलं तर चव जाते, आधणाचं ओतून एक उकळी द्यायची. "जेवनात का?" (जेवलात का?) असं विचारणारे पुष्कळ असतात. कढईजवळ थांबणारा एकच लागतो, पण तो आधी नेमावा लागतो. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, ६व्या अध्यायात, विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा मंडळीनं सात माणसं नेमली होती.

घरातही हेच. सून शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भरताची करपलेली कड येते. "तू पण बस ना गं" असं म्हटल्यानं ती बसत नाही, कारण गरम भाकरी थापायला तव्याजवळ कोणीतरी लागतंच. दोन गोष्टी चालतात: वाढण्याआधी तिची वाटी भरून झाकणं, आणि शेवटच्या चार भाकऱ्या दुसऱ्या कोणी थापणं. वाकड्या झाल्या तरी चालतील. सासऱ्यांनी थापल्या तर गल्लीत बातमी होईल, तीही चालेल.

मिझोरामच्या मंडळ्यांत बायका १९१० पासून स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. आपल्याकडे दादर ज्वारी काढता येईल. दोन वेळची मूठ धरली तर रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम, महिन्याला तीन-साडेतीन किलो. दहा घरांचे तीस-पस्तीस. धान्यच काढावं, पीठ नको. पावसाळ्यात पिठाला जाळी धरते. आणि गरजूंना द्यायचं ते संध्याकाळी, त्यांच्या घरी नेऊन. उपासनेत नाव पुकारून दिलं की घेणारी बाई पुढच्या रविवारी येत नाही.

शेतात सरवा (गरिबांनी वेचायला मागे सोडलेलं पीक) ठेवायचा नियम बायबलच्या लेवीय पुस्तकात, १९व्या अध्यायात आहे. तिथं कडेचं पीक कापायचंच नाही, म्हणजे राखण कापणीच्या आधीच ठरलेली.

पुढच्या महिन्याची यादी: झाकणाचं मोठं पातेलं १, सुती फडकी ४, आधणाला वेगळी शेगडी. अडीचनंतर कढईजवळ कोण, ते नाव अजून लिहायचंय.