मुंबई ते चिकलठाणा, शेवटचा टप्पा ट्रॅक्टरने

मुंबईहून छत्रपती संभाजीनगर म्हणजे विमानात चहा संपायच्या आत उतरायची वेळ. त्या दिवशी मात्र पाऊण तास जास्तीचा हवेत काढला.

ऊन कललं होतं. खाली पत्र्याची शेडं, नांगरून ठेवलेली काळी रानं दिसू लागली. चाकं बाहेर येताना पायाखाली घरघर होते, मग धप्प असा आवाज. या वेळी धप्प झालंच नाही. थोड्या वेळात इंजिनं गरजली आणि विमानाने पुन्हा नाक वर केलं.

"कामून वर चाललंय हो हे?" शेजारचे काका. पैठणकडचे, पोराकडे महिनाभर राहून परतत होते.

"रिकामं नसेल खाली," मी म्हटलं. थाप होती. माझ्या डोक्यात २६ एप्रिल १९९३ आलं होतं. त्या दिवशी याच चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. आमच्या पिढीचा औरंगाबादकर विमानात बसला की ते आठवतोच.

कॅप्टनचा आवाज आला. चाकं नेहमीच्या पद्धतीने बाहेर येत नाहीत, दुसरी पद्धत आहे, ती वापरतोय, अर्धा तास लागेल. बस, एवढंच. तोवर मुख्य हवाईसुंदरी कॉकपिटशी बोलून आली होती आणि पडद्याआड बाकीच्यांना काहीतरी सांगत होती. काय बिघडलंय, काय करणार, वेळ किती, खास सूचना काय, ही चार उत्तरं वैमानिकाने केबिनला द्यायचीच, असा त्यांचा शिरस्ता असतो. मग त्या ओळीओळीने आल्या. खिशातली पेनं काढा, टाचांच्या चपला काढा, पिशव्या वर ठेवा. चाल नेहमीचीच, जराही घाई नाही. मला धीर त्या चालीने दिला, घोषणेने नाही.

खाली नाथसागर चकाकत होता. काका म्हणाले, "आमच्या ट्रॉलीचं असंच हाय. हायड्रोलिक गेलं की उचलत न्हाई. खाली यायला मात्र तेल लागत न्हाई, वजनानंच येती."

मला हसू आलं, पण माणूस बरोबर होता. या जातीच्या विमानात दोन वैमानिकांच्या मधे, मागच्या बाजूला एक हँडल असतं. ते तीन वेढे फिरवलं की चाकांच्या कड्या सुटतात आणि चाकं आपल्याच भाराने खाली येऊन पक्की बसतात. काही वेळाने पायाखाली तो धप्प आला. पुढे कोणीतरी टाळी वाजवली. काकांनी नुसती मान हलवली.

उतरलो अगदी मऊ. दोन्ही बाजूंना अग्निशमनच्या गाड्या धावत होत्या. विमान मात्र धावपट्टीवरच उभं राहिलं. चाकं अशी सोडली की पुढचं चाक वळवता येत नाही, हे नंतर विमानातून बाहेर पडताना सहवैमानिकाने सांगितलं. खालच्या माणसांनी चाकांना पिना लावल्या, पुढे टग, म्हणजे विमान ओढायचा ट्रॅक्टर, जोडला आणि आम्हाला ओढत नेऊ लागले.

काकांनी फोन लावला. "हां, उतरलो. न्हाई, अजून विमानातच हाय. ट्रॅक्टरनं ओढायलेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "अरे, खरंच ट्रॅक्टरनं!"