तुम्ही विचारलंत म्हणून: रोज एक चित्र काढून रोगाची साथ जाते का?

नाही जात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच अपेक्षा नको.

2020च्या टाळेबंदीत वायव्य अमेरिकेतल्या सॅलिश या मूळनिवासी समाजातल्या एका चित्रकाराच्या रोजच्या चित्रांनी लोकांना धीर दिला, असं मी मागे लिहिलं होतं. तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या सुरांत येतोय, कधी खवचट, कधी अगदी मनापासून: चित्रं काढून कसली आलीय आशा? आणि शेपटाला जोडलेलं असतंच, 'दिसतं तर आपल्या वारलीसारखंच.' सुरुवात या शेपटापासून करते.

वारलीसारखं नाही. वारलीत गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ चढतं, म्हणजे पांढरं वरून येतं. सॅलिश चित्रात पांढरं हे काढून टाकलेलं असतं. ही रीत मुळात लाकूडकामातली. वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या सॅलिश बायका डोंगरी शेळीच्या आणि लोकरीसाठी मुद्दाम पाळलेल्या कुत्र्यांच्या केसांचं सूत काढायच्या. त्यांची टकळी आपल्या शाळेतल्या टकळीसारखी बोटभर नव्हे. दांडी मीटरभराहून लांब, चकती साधारण वीस सेंटिमीटरची, बहुधा मेपलची. चकतीच्या कातणारीकडच्या अंगावर कोरीवकाम असे. त्यातली माणसं, पक्षी, मासे लाकूड कोरून काढल्यावर उरलेल्या जागेतून दिसायचे. कोरण्याचे मुख्य आकार तीनच: वर्तुळ, चंद्रकोर आणि ट्रायगॉन, म्हणजे तीन टोकांचा, आत दबलेल्या बाजूंचा तुकडा.

'सोपं दिसतं, आम्ही काढू का?' हाही प्रश्न असतोच. काढून बघा, म्हणजे कळेल.

कागद जाड घ्या, निदान 200 जीएसएम, नाहीतर शाई पसरते आणि ट्रायगॉनची टोकं बुजतात. कर्कटकाने 15 सेंटिमीटरचं वर्तुळ काढा. मधे टोकाचं भोक पडेल, त्यावर वैतागू नका, टकळीची दांडी तिथूनच जायची. त्याच्याभोवती रुपयाएवढं वर्तुळ सोडून द्या आणि मासा त्याला वळसा घालून बसवा. आधी माशाची फक्त बाह्यरेषा, आत काही नाही. आतला सगळा भाग काळा आहे असं धरून चाला आणि मगच ठरवा की कुठून काय कोरायचं. कल्ल्याला चंद्रकोर. शेपटी फुटते तिथे, किंवा दोन काळे पट्टे एकत्र येऊन जाड गोळा होतो तिथे ट्रायगॉन. हे नक्षी म्हणून नसतं. तो गोळा हलका करायला असतं.

चुकतं ते नेमकं इथे. लोक चंद्रकोर ही एक वस्तू समजून रेखाटतात, तिला बाहेरून रेघ देतात, आणि माशावर कोरी (कोरून काढलेले आकार) चिकटवल्यासारखं दिसायला लागतं. नजर कोरीवर नको, दोन कोरींच्या मधल्या काळ्या पट्ट्यावर हवी. तो पट्टा एकीकडे तीन मिलिमीटर आणि दुसरीकडे आठ झाला की मासा सुजलेला दिसतो. दुसरी चूक उत्तरेकडच्या शैलीची. उत्तर किनाऱ्यावरच्या हैदा, त्लिंगित वगैरे लोकांच्या चित्रांत फॉर्मलाइन, म्हणजे आकार बांधणारी काळी जाड रेघ, आणि कोपरे गोलावलेले आयताकृती डोळे असतात, ते आणून इथे बसवायचं. टोटेम खांबांमुळे ती शैली जगभर गेली, आणि सॅलिश काम कित्येक वर्षं तिची गरीब नातेवाईक समजलं गेलं. शाई भरताना कड 0.1च्या, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या, पेनने, टोकाकडून आत, आणि पोट मग ब्रशने. फोटो घेताना फोन कागदाला समांतर धरा, जरा कलला की वर्तुळाचं अंडं होतं.

रोज एक काढायचं तर माप बदलायचं नाही, रंग दोनच, आणि कालचं चित्र दुरुस्त करायला घ्यायचं नाही. आठवडाभरात हात तेच ते मासे काढायला लागतो. खरी अडचण तिथून सुरू होते.

आता आशा. माझा वैताग प्रश्नावर नाही, त्यातल्या एका गृहीतकावर आहे: साथ नवी होती आणि ही माणसं तिच्यापुढे भांबावून चित्रं काढत बसली. सॅलिश ही वीसहून अधिक भाषांची मंडळी, आणि किनाऱ्यावरच्यांच्या आठवणीत साथी भरपूर आहेत. 1782च्या सुमारास देवी येऊन गेल्या. 1792 मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकूव्हरची जहाजं या समुद्रात शिरली तेव्हा त्याला ओस पडलेली गावं आणि किनाऱ्यावर विखुरलेल्या कवट्या दिसल्या, आणि भेटलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर देवीचे वण.

मग 1862. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून आताच्या ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया गावात देवी उतरल्या. गावाबाहेर उत्तरेकडून व्यापाराला आलेल्या हैदा, त्सिमशियन वगैरे लोकांचे तळ होते. त्यांच्यात रोग पसरल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना वेगळं ठेवून सांभाळायला हवं होतं. त्यांनी तळ उठवले, झोपड्या जाळल्या, आणि गनबोटी सोबत देऊन माणसांना होड्यांतून घराकडे हाकललं. आजारी माणसं शेकडो मैल किनाऱ्याने वर गेली आणि वाटेत थांबली त्या प्रत्येक गावी देवी ठेवत गेली. त्या किनाऱ्यावरची निम्म्याच्या आसपास मूळची माणसं एक-दीड वर्षात गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्याच गावाशेजारी साँगीस राहत होते. ते सॅलिश. डॉक्टर हेल्मकेन यांनी त्या वसंतात शेकडो मूळच्या लोकांना लस टोचली, त्यांत साँगीसही होते. आणि साँगीस आपापलं सामान होड्यांत घालून जवळच्या डिस्कव्हरी बेटावर निघून गेले. तिथे वेगळे राहिले. त्यांच्यातले बहुतेक वाचले.

लस आणि बेट. चित्र नव्हे. हे मला मान्य करावंच लागतं, आणि मागच्या लेखात मी हे गाळलं होतं. तेव्हा माझं म्हणणं होतं की कला माणसाला वाचवते. असलं वाक्य लिहायला छान वाटतं. साँगीसना विचारलं असतं तर त्यांनी होड्यांकडे बोट दाखवलं असतं.

तरीही मी सगळं मागे घेत नाही. माणसं कमी झाली, कॅनडात 1885 ते 1951 पॉटलॅचवर, म्हणजे मेजवानी देऊन भेटी वाटण्याच्या विधीवर, कायद्याने बंदी होती, आणि चकत्या संग्रहालयांच्या कपाटांत गेल्या. मस्क्वीम या सॅलिश लोकांतल्या सुझन पॉइंट यांनी 1981 मध्ये काम सुरू केलं तेव्हा शिकायला त्या कपाटांतल्या जुन्या चकत्या होत्या. आज व्हँकूव्हर विमानतळावर त्यांची देवदारातली चकती लावलेली आहे, जवळजवळ पाच मीटर व्यासाची. 2020 मध्ये किनाऱ्यावरच्या मूळच्या लोकांची वार्षिक नौकायात्रा रद्द झाली, लाँगहाउसमधलं, म्हणजे जमण्याच्या लांबट लाकडी घरातलं, एकत्र येणं थांबलं. अशा वेळी रोज एक नवा आकार लोकांसमोर येणं हा रोगावरचा इलाज नव्हता. पण मागच्या साथींत जे जवळजवळ बुडालं होतं, ते या साथीत रोज बाहेर येत होतं. याला 'आशा' म्हणायचं की नुसता 'नेम', यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. 'आशा' हा शब्द बाहेरच्यांनी लावलेला वाटतो. 'नेम' म्हटलं तर ज्यांना त्या चित्रांनी खरोखर धीर दिला, त्यांना मी खोटं पाडते.

विकायचं का, तर नाही. परक्याने आपलं काम मूळनिवासी कलाकाराचं म्हणून अमेरिकेत विकणं 1990च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या खेपेला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खाली स्वतःचंच नाव घालून विकलं तर कायदा बहुधा अडवणार नाही. मग अडवावं कुणी, हे विचारू नका. सरावाला मासा पुरे. कुटुंबांची चिन्हं आणि हिवाळी विधींतल्या आकृत्या सरावालाही नकोत.

आणि कर्कटकाचं भोक बुजवू नका.